नोटीस एका दारावर, बाटली दुसऱ्याच दारात

न्यूझीलंडमधल्या एखाद्या उपनगरात चारचौघांसारख्याच एका घराच्या कुंपणावर कागद लागतो. या पत्त्यावरून ऑनलाइन दारू विकण्याचा परवाना मागितला आहे, हरकत असल्यास कळवावी. दुकान नाही, पाटी नाही, गिऱ्हाईक यायचं नाही. गॅरेजात खोकी, टेबलावर लॅपटॉप आणि अधूनमधून कुरिअरची गाडी, एवढाच पसारा. तरी शेजारी बिथरतात. ही भीती आजची नाही आणि ती नुसती दारूचीही नाही. आपल्या गल्लीत काय विकलं जावं हे आपण ठरवायचं, ही तिकडची फार जुनी समजूत आहे.

१८९३ साली तिथल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. त्या लढ्याचं पुढारपण केट शेपर्ड करत होत्या, आणि त्यांची संघटना मुळात दारूबंदीवाल्या बायकांचीच. त्याच वर्षी आलेल्या कायद्याने प्रत्येक मतदारसंघाला विचारलं: परवाने आहेत तसे ठेवायचे, कमी करायचे, की बंद? बंदसाठी पाचातली तीन मतं लागत. आपल्याकडच्या ‘आडव्या बाटली’चीच ही जुनी मावसबहीण म्हणायची. १८९४ मध्ये दक्षिणेकडच्या क्लुथाने पहिल्यांदा बाटली आडवी केली, आणि १९१० पर्यंत असे १२ मतदारसंघ झाले. १९११ मध्ये देशभर बंदी आणण्याच्या बाजूने ५५.८ टक्के मतं पडली, पण साठ टक्क्यांची अट आड आली.

गंमत पुढे आहे. या ‘कोरड्या’ भागांत विक्री बंद होती, पिणं नव्हे. घरी पिण्यासाठी बाहेरून दारू मागवता येई. मात्र पाठवणाऱ्याला खोक्यावर आत दारू आहे असं लिहावं लागे आणि त्या भागातल्या न्यायालयाच्या कारकुनालाही कळवावं लागे. म्हणजे घरपोच बाटली ही काही इंटरनेटची देणगी नव्हे.

ऑकलंडमधलं माउंट रॉस्किल आज भारतीय कुटुंबांनी गजबजलेलं आहे. शेजारच्या सँडरिंगहॅम रोडवर मसाल्यांची आणि मिठाईची दुकानं ओळीने सापडतात. पण रॉस्किल, ईडन आणि वेलिंग्टनकडचं तावा हे शेवटचे कोरडे भाग होते, १९९९ पर्यंत! तिथल्या नव्या रहिवाशांतल्या कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. ऑकलंडच्या पश्चिम भागाने आणखी वेगळी वाट धरली. तिथे दारूची दुकानं लोकांनी निवडलेल्या ट्रस्टच्या हाती गेली, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या सुपरमार्केटात बिअर किंवा वाइन मिळत नाही.

बाकी देशात दार सताड उघडलं ते १९८९ च्या कायद्याने. सुपरमार्केटात वाइन आली. १९९९ मध्ये बिअरही आली आणि विकत घेण्याचं वय वीसवरून अठरावर उतरलं. परवान्यांची संख्या वीसेक वर्षांत दुपटीपलीकडे गेली. वाढ सगळ्यात डोळ्यांत भरली ती ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या कष्टकरी वस्त्यांत, राहत्या घरांच्या मधोमध. जून २००८ मध्ये तिथल्या मनुरेवात भारतीय वंशाच्या एका दुकानदाराला लुटारूंनी दुकानातच गोळी घातली. त्यानंतर प्रश्न ‘दारू वाईट की बरी’ एवढा राहिला नाही. घराशेजारी इतकी दुकानं आलीच कशी, असं लोक विचारू लागले.

२०१२ चा कायदा या रागातून आला. परवाना देताना परिसराचं स्वास्थ्य बघायचं, म्हणजे आवाज, उपद्रव, नासधूस आणि आसपास आधीच किती दुकानं आहेत ते. निर्णय स्थानिक समितीकडे. पण ही सगळी मोजमापं दुकानाची. फक्त दुरून विकणाऱ्यासाठी त्याच कायद्यात वेगळी सोय केली आहे, आणि घरातला धंदा तिच्यातच बसतो. नगरपालिकेकडून जागेच्या वापराचा दाखला आणायचा, संकेतस्थळावर परवान्याचा तपशील लावायचा. ऑर्डर कधीही घेता येते. बाटली मात्र रात्री ११ ते सकाळी ६ पोहोचवायची नाही. आणि गिऱ्हाईकाने आपलं वय अठरा पूर्ण असल्याचं दोनदा सांगायचं, एकदा संकेतस्थळावर शिरताना, एकदा पैसे भरण्याआधी. पंधरा वर्षांच्या पोराला दोनदा टिचकी मारायला कितीसा वेळ लागतो?

हरकत घ्यायची तर पूर्वी ‘सामान्य जनतेपेक्षा अधिक संबंध’ दाखवावा लागे, म्हणजे व्यवहारात किलोमीटर-दोन किलोमीटरच्या आत राहावं लागे. वर सुनावणीत वकील उलटतपासणी घेत. घाबरून लोक जायचेच नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीने कोणालाही हरकतीची मुभा दिली आणि पुढच्या वर्षी उलटतपासणीही गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने हा हक्क पुन्हा स्थानिकांपुरता आवळण्याचा बेत जाहीर केला.

शेजाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या: गाड्यांची ये-जा, गॅरेजात साठा म्हणजे चोराला आमंत्रण, आज ऑनलाइन तर उद्या काउंटर. शेवटची शंका समजण्यासारखी आहे. पण खरं सांगायचं तर गोंधळ, फुटलेल्या बाटल्या, रात्रीची भांडणं यांतलं त्या गॅरेजापाशी फारसं काही घडणार नसतं. खोकं जातं शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्या तरी तिसऱ्याच दारात. तिथल्या कुंपणावर कागद लागत नाही, तिथल्या शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. ऑकलंडची दारूची दुकानं डिसेंबर २०२४ पासून रात्री ९ वाजता बंद होतात, पण त्या दाराची घंटा ११ पर्यंत वाजू शकते. आणि दार उघडणाऱ्याचं ओळखपत्र तपासलंच पाहिजे, अशी सक्ती २०१२ च्या कायद्याने त्या कुरिअरवाल्यावर केलेली नव्हती.