बायोडिझेलचा टक्का आणि वॉरंटीची रेघ

डिझेल गाडीत वनस्पती तेलापासून बनवलेलं बायोडिझेल खनिज डिझेलमध्ये किती टक्के मिसळलेलं चालेल? कुणी ५ सांगतं, कुणी ७, कुणी २०. ग्राहकाला ही कंपन्यांची मनमानी वाटते. पण जुन्या गाड्यांना जास्त मिश्रण चालायचं आणि नव्यांना कमी, असं उलटं का झालं, हे इंजिनात होत गेलेले बदल पाहिले की कळतं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं गेलं. बायोडिझेलचे समर्थक हा दाखला आवर्जून देतात, पण ते कच्चं तेल होतं. कच्चं तेल दाट असतं. त्याचा फवारा नीट उडत नाही आणि नोझलवर काजळी धरते. तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की ते पातळ होतं; हेच बायोडिझेल. बेल्जियममध्ये शावान या संशोधकांनी १९३७ मध्ये याच प्रक्रियेचं पेटंट घेतलं. पुढे खनिज डिझेल स्वस्त मिळत राहिलं आणि सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईपर्यंत विषय मागे पडला.

१९९१ मध्ये ऑस्ट्रियाने रेपसीड (मोहरीच्या कुळातलं तेलबी) तेलाच्या बायोडिझेलसाठी मानक ठरवलं. त्याच दशकात फोक्सवॅगनने आपल्या काही मॉडेलमध्ये शुद्ध बायोडिझेललाही मान्यता दिली. तेव्हाची मुख्य अडचण रबराची होती: साध्या रबराचे पाइप आणि सील फुगायचे. टिकाऊ रबर वापरून ती सुटली.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. १९९७ पासून प्रवासी गाड्यांत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारी पद्धत) आली, इंजेक्शनचा दाब हजार बारच्या वर गेला आणि इंधनातलं थोडं पाणी किंवा साठवणीत खराब झालेलं बायोडिझेलही महाग पडू लागलं. मग काजळी अडवणारा एक्झॉस्ट फिल्टर आला. तो साफ करायला अनेक इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. त्यातलं काही भिंतींवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. खनिज डिझेलचा बराचसा भाग तिथून उडून जातो. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू जास्त, म्हणून ते साचतं आणि ऑइल पातळ होतं. माझ्या मते कंपन्यांच्या सावधपणामागचं सर्वात सबळ कारण हेच. जनरल मोटर्सने २०११ च्या ड्युरामॅक्स इंजिनात हे जादा इंधन थेट एक्झॉस्टमध्ये सोडणारा वेगळा इंजेक्टर बसवला, आणि त्याच इंजिनाला बी२० ची, म्हणजे २० टक्के बायोडिझेलच्या मिश्रणाची, मान्यताही दिली.

मानकंही याच सुमारास घट्ट झाली. युरोपात साध्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत मिश्रण चालतं. अमेरिकेत २००८ पासून ५ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण साधं डिझेलच धरतात आणि ६ ते २० टक्क्यांसाठी वेगळं मानक आहे.

वॉरंटीबद्दल एक गैरसमज मात्र टिकून आहे. जास्त मिश्रण भरलं म्हणून सगळी वॉरंटी आपोआप रद्द होते, असं सहसा नसतं. वॉरंटी असते ती सुट्या भागांतल्या आणि बनावटीतल्या दोषांची. इंधनामुळे झालेलं नुकसान तिच्यात मुळातच येत नाही. म्हणून बी२० भरलेल्या गाडीची खिडकी अडकली तर प्रश्न येऊ नये, इंजेक्टर गेला तर मात्र इंधनाचा नमुना मागितला जाईल.