मुंबईतील उद्याने व फुलांची ठिकाणे

मुंबईची ख्याती बागांचे शहर अशी नाही आणि ते रास्तच आहे. बंगळूरचा लालबाग पाहून आलेल्याला येथील फुलांचे ताटवे किरकोळ वाटतील. दमट हवा, चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आणि जागेची टंचाई यांमुळे या शहरात हंगामी फुलझाडांपेक्षा फुलणारे वृक्षच अधिक रुजले. त्यामुळे येथे फुले पाहायची तर वाफ्यात वाकण्यापेक्षा मान वर केलेली बरी. दुसरे म्हणजे येथील काही नामांकित बागांना स्वतःची अशी जमीन मिळालीच नाही. एक बाग पाण्याच्या टाकीवर आहे, एक कचऱ्याच्या ढिगावर आहे आणि सर्वांत जुन्या बागेला तर आपली मूळ जागा सोडावी लागली.

ही सर्वांत जुनी बाग म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, अर्थात राणीची बाग. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. संस्थेच्या भायखळ्यातील नव्या बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले आणि तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय नंतर, १८९० च्या सुमारास वाढवलेल्या जागेत झाले. म्हणजे ही मुळात वनस्पतींची बाग आहे. आज मात्र बहुतेक कुटुंबे पेंग्विन आणि वाघ बघून परततात आणि वाटेतली झाडे सावलीपुरती वापरतात, हे दुर्दैवच म्हणायचे.

बागेत सुमारे ३२०० झाडे आणि पावणेतीनशेहून अधिक वृक्षजाती असल्याची नोंद आहे. त्यांतली उर्वशी चुकवू नये. हा मूळचा म्यानमारचा वृक्ष असून थंडीच्या अखेरीस त्याला लालभडक फुलांचे लांब घोस लोंबू लागतात. प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळ्यांच्या टोकांना पिवळा रंग असतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. त्यांचा वास दाट असतो, फळे तोफगोळ्याएवढी होतात आणि पडून फुटली की त्याच झाडाखाली नाक दाबावे लागते. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागण वटवाघळे करतात. बाग संध्याकाळी बंद होत असल्याने फुलण्याचा तो सोहळा काही पाहता येत नाही, पण सकाळी खाली पडलेली कोमेजली फुले सापडतात. आवारालगतच १८७२ मध्ये खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा म्हटले, तो हत्तीही येथेच उभा आहे. बागेत महापालिकेचे फुलांचे प्रदर्शन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरते आणि तेव्हा तिथे चालायलाही जागा नसते. बुधवारी बाग बंद असते.

मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान हँगिंग गार्डन या नावानेच अधिक परिचित आहे. ते शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाले. जवळच पारशी समाजाचा दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची जागा आहे. तेथील गिधाडांमुळे पाणी दूषित होऊ नये म्हणून जलाशय झाकला आणि वर बाग केली, असे सांगितले जाते. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे हे तिचे वैशिष्ट्य. समोरच्या कमला नेहरू उद्यानातील ‘म्हातारीचा बूट’ मुंबईच्या कित्येक पिढ्यांच्या फोटोंत आहे. याच टेकडीच्या उतारावर २०२५ मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी पायवाट खुली झाली. येथे फुलांपेक्षा पक्षी आणि दाट सावली यांचेच आकर्षण अधिक.

धारावीजवळ मिठी नदीकाठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुमारे ३७ एकरांचे असून १९९४ पासून लोकांसाठी खुले आहे. पूर्वी या जागेवर शहराचा कचरा टाकला जाई. शोभेचे ताटवे शोधणाऱ्याने तिथे जाऊ नये. फुलपाखरे, वेली, देशी झाडे आणि कचऱ्यावर माती घालून जंगल कसे उभे राहते, हे पाहायचे असेल तर मात्र अवश्य जावे.

काही उत्तम ठिकाणांना तिकीटही नाही आणि फाटकही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळी परिसरात गुलाबी टॅबेबुया फुलतो आणि वाहतूक कोंडीत अडकलेले लोक मोबाइल बाहेर काढतात. हे झाड मूळचे मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. त्याच्यानंतर उन्हाळ्यात बहावा पिवळा होतो, गुलमोहर पेटतो आणि तामण जांभळी होते. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असूनही टॅबेबुयाइतके कौतुक तिच्या वाट्याला येत नाही. रस्त्याकडेची जुनी झाडे रमतगमत पाहायची असतील तर माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स आणि लगतची दादर पारशी कॉलनी हा भाग सर्वांत बरा.

तोडलेल्या फुलांचा थाट दादर पश्चिमेला, स्थानकाबाहेरच्या फूलबाजारात आणि मीनाताई ठाकरे फूल मंडईत दिसतो. व्यवहार पहाट होण्याआधीच सुरू होतो. मावळातून गुलाब येतो, पुणे-सातारा भागातून झेंडू आणि शेवंती, तर वसई पट्ट्यातून मोगरा आणि सोनचाफा. झेंडू किलोवर विकला जातो आणि गुलाब जुडीवर. गणपती, दसरा आणि मार्गशीर्षातले गुरुवार आले की भाव चढतात. ओझी वाहणाऱ्यांच्या वाटेत उभे राहून फोटो काढणाऱ्यांना येथे बोलणी खावी लागतात, आणि ती योग्यच असतात.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०३ चौ. किमी.चे जंगल असल्याने ते बागांत मोडत नाही, पण कारवीसाठी त्याचा उल्लेख करावा लागतो. हे झुडूप साधारण आठ वर्षांतून एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळ्या फुलांनी भरते, बी टाकते आणि मरून जाते. येथे ती २०१६ मध्ये फुलली होती. मधल्या वर्षांत गेलेल्याला फक्त खरखरीत पानांची दाट झुडपे दिसतात.