वजन उतरवायचं ऑपरेशन: धोका मोजायला लागलेली वर्षं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने. पार गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाड्याहून पेशंट इथे येतात. मागच्या उन्हाळ्यात माझी आतेबहीण अशाच एका दवाखान्यातून एक रंगीत पत्रक घेऊन आली. एका बाजूला ऑपरेशनआधीचा फोटो, दुसऱ्या बाजूला नंतरचा. मधल्या दिवसांबद्दल अवाक्षर नाही. या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास मात्र त्या मधल्या दिवसांचाच आहे.

1954 साली अमेरिकेत मिनेसोटाच्या सर्जननी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून वाट आखूड करण्याची पद्धत मांडली. वजन झपाट्याने उतरलं. टाके सुकले, माणसं घरी गेली आणि त्रास त्यानंतर सुरू झाला: न थांबणारे जुलाब, मुतखडे, काहींचं तर यकृतच निकामी. 1980च्या आसपास ती पद्धत मागे पडली.

अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसं बारीकच राहतात, हे आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी हेरलं आणि 1966मध्ये गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा बराचसा भाग वगळून अन्न थेट लहान आतड्यात नेणं, सुरू केला. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. 1980च्या दशकात त्यांनी अशा पेशंटांची नोंदवही उभी केली. धोका किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

पुढे स्वीडनमध्ये 1987पासून ऑपरेशन झालेले 2010 लठ्ठ लोक आणि न झालेले 2037 जण वर्षानुवर्षं तपासले गेले. सरासरी 11 वर्षांनी पहिल्या गटात 101 मृत्यू, दुसऱ्यात 129. 2009च्या अमेरिकी अभ्यासात 10 केंद्रांवरच्या 4776 पेशंटांपैकी पहिल्या 30 दिवसांत दगावले 0.3 टक्के, मोठी गुंतागुंत झाली 4.3 टक्क्यांना. पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेल्यांना, झोपेत श्वास अडकणाऱ्यांना धोका जास्त. हे आकडे तिथले; आपल्या सर्जनचे आकडे त्यालाच विचारायचे.

1994पासून बायपास दुर्बिणीतून होऊ लागला. आपल्याकडे जास्त ऐकू येते ती स्लीव्ह: जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात, तो परत जोडता येत नाही. कापलेलं जठर जोडणाऱ्या स्टेपलच्या रेषेतून गळती ही पहिल्या दिवसांची भीती; लोह, बी-12 यांची कमतरता कायमची सोबत. आयुष्यभर गोळ्या आणि रक्ततपासणी.

2019मध्ये आपल्या विमा नियामकाने या ऑपरेशनचा खर्च विम्यातून मिळायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 40 किंवा जास्त, नाहीतर 35 किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, अशी अट घातली. 2022च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई शरीरांसाठी ऑपरेशन सुचवायची बीएमआयची मर्यादा 27.5पर्यंत खाली आणली. म्हणजे निवड आता पुष्कळ जास्त लोकांसमोर आहे.

आतेबहिणीने त्या पत्रकाच्या कोऱ्या कडेला पेनने लिहून घेतलं: ‘तुम्ही किती केली? गळती किती जणांना? पाच वर्षांनी तपासणीला किती जण येतात?’ ते पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुढची तारीख घ्यायला ती परत धंतोलीला गेली.