आइस्क्रीम, घरगुती

दूध, मलई व साखर यांचे मिश्रण घरच्या साधनांनी, सतत हलते ठेवून गोठवलेला पदार्थ. तेच मिश्रण न ढवळता गोठवले तर त्याचा कठीण, कचकचीत गोळा होतो. घटकांची प्रमाणे सर्वपरिचित असल्याने येथे मुख्यतः गोठवण्याच्या क्रियेचा विचार केला आहे.

उगम : आइस्क्रीम प्रथम कोणी केले आणि कृत्रिम रीतीने गोठवणे प्रथम कोणाला साधले, या दोन प्रश्नांची पुष्कळदा गल्लत होते. साठवलेल्या बर्फावर मध किंवा फळांचा रस घालून खाणे फार जुने आहे. तथापि नुसत्या बर्फात ठेवलेले भांडे ०° से.च्या खाली जात नाही आणि साखर घातलेले दूध त्या तापमानाला गोठत नाही. म्हणून बर्फात मीठ किंवा सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) मिसळण्याची युक्ती अवगत झाली, तेथूनच या पदार्थाचा इतिहास मोजणे युक्त ठरते.

मार्को पोलोने ही कृती चीनमधून आणली ही कथा लोकप्रिय आहे. परंतु त्याच्या प्रवासवर्णनात तातारांच्या (मंगोलांच्या) वाळवलेल्या दुधाचा उल्लेख आहे, गोठवलेल्या दुधाचा नाही. १५३३ मध्ये विवाहानंतर फ्रान्सला गेलेल्या इटलीच्या कॅथरीन दे मेदिचीने सोबत आइस्क्रीम करणारे आचारी नेले, या कथेलाही समकालीन आधार नाही. दोन्ही कथा बऱ्याच उशिरा रचल्या गेल्या असाव्यात, हे अलीकडच्या अभ्यासकांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

तेराव्या शतकातील अरब वैद्य-इतिहासकार इब्न अबी उसैबिया याने सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गोठवण्याचे वर्णन केले आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो व पाणी बरेच गार होते. मात्र एवढ्यावर उन्हाळी पाण्याचा बर्फ होणे कठीण असल्याने हे वर्णन शब्दशः घेणे अवघड आहे. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ मध्ये दिलेली कृती याहून स्पष्ट आहे : पाणी मिसळलेली वाइन कुपीत भरावी, कुपी बर्फ व सोऱ्यात ठेवून फिरवीत राहावी, म्हणजे वाइन हळूहळू गोठते. कुपी फिरवीत राहण्याची त्याची सूचना लक्षणीय आहे, कारण पुढच्या सर्व यंत्रांचे बीज तीत दिसते. सोऱ्याऐवजी स्वस्त मीठही चालते हे यानंतर लवकरच ध्यानात आले असावे.

नेपल्सच्याच आंतोनिओ लातीनीने १६९० च्या दशकात दुधाच्या गोठवलेल्या पदार्थाची कृती छापली. लंडनच्या मेरी ईल्सची १७१८ मधील कृती घरगुती कामाचे चित्र अधिक बारकाईने देते. मलईने भरलेले सहा कथलाचे डबे, अठरा ते वीस पौंड फोडलेला बर्फ, एक पौंड मीठ. बादलीच्या तळाशी व वर गवताचा पेंढा. आणि बादली ऊन-उजेड न पोहोचणाऱ्या तळघरात चार तास. यात ढवळण्याचा उल्लेखच नाही. मीठही आजच्या मानाने फारच कमी आहे. तिचे आइस्क्रीम खरखरीतच होत असणार.

फिरवण्याचा पॉट : १८४३ मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी जॉन्सनने हाताने फिरवायच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. लाकडी बादली, तीत पत्र्याचा उंच डबा, डब्यात सच्छिद्र पाते आणि वर दांडा, अशी त्याची रचना होती. १८४८ मध्ये विल्यम यंगने त्यात सुधारणा केली. जॉन्सनपूर्वी डबा झाकणाच्या कडीला धरून हातानेच मागेपुढे फिरवीत व मधूनमधून उघडून कडेचा थर उलथन्याने खरवडीत. जॉन्सनच्या यंत्रामुळे झाकण न उघडता खरवडणे चालू राहू लागले. इंग्लंडमध्ये पाककलालेखिका ॲग्नेस मार्शल हिने रुंद व उथळ डब्याचे यंत्र प्रचारात आणले. थंड पृष्ठभाग जास्त मिळत असल्याने ते झटपट गोठवी. द्रवरूप वायूने टेबलावरच आइस्क्रीम गोठवण्याची कल्पनाही तिने १९०१ मध्ये मांडली होती.

मिठाचे कार्य : मीठ स्वतः थंड नसते, आणि विरघळताना ते शोषते ती उष्णता अल्प असते. खरे काम बर्फ वितळण्याचे आहे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, ०° से.चा बर्फ त्या खाऱ्या पाण्यात टिकू शकत नाही व वितळू लागतो. वितळणाऱ्या प्रत्येक ग्रॅम बर्फाला सु. ८० कॅलरी उष्णता लागते. ती तो मिश्रणातून व डब्यातील दुधातून ओढून घेतो. मीठ वजनाने सु. २३ टक्के असताना ही घसरण −२१° से.पर्यंत जाऊ शकते. व्यवहारात तीन ते पाच भाग बर्फास एक भाग जाडे मीठ पुरते. बारीक मीठ लवकर विरघळून तळाशी जाते. बादलीच्या बाजूचे भोक खारे पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये म्हणून असते. ते बुजले, किंवा झाकण न पुसता उघडले, तर सगळा घाणा खारट होतो.

स्फटिक व पोत : साखरेमुळे मिश्रण सु. −३° से.ला गोठू लागते. बर्फाचे स्फटिक प्रथम डब्याच्या थंड भिंतीवर धरतात. पाते ते लगेच खरवडून मध्यभागी ढकलते. दांडा जड लागू लागला, की मिश्रण −५° ते −६° से.च्या सुमारास आले असे समजतात. तेव्हा त्यातील जेमतेम निम्मे पाणी गोठलेले असते. उरलेले पाणी नंतर फ्रीझरमध्ये गोठते, पण त्या वेळी नवे स्फटिक फारसे होत नाहीत, आहेत तेच वाढतात. म्हणजे स्फटिकांची संख्या दांडा फिरत असतानाच ठरून जाते. सु. ५० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे स्फटिक जिभेला जाणवतात. ढवळताना शिरलेली हवा आणि अंशतः एकमेकांना चिकटलेले स्निग्धकण यांमुळे मऊपणा येतो. म्हणून मिश्रण आधी रात्रभर ४° से.ला ठेवणे हितावह असते. तेवढ्यात स्निग्धांश घट्ट होतो. अंडी घातलेले मिश्रण ८२°–८४° से.पर्यंत शिजवतात. त्यापलीकडे अंडे फाटते.

अन्य पद्धती : विजेच्या लहान यंत्रांत बर्फ-मिठाची जागा दुहेरी भिंतीच्या, आत गोठणारा द्रव असलेल्या भांड्याने घेतली आहे. भांडे आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवावे लागते. यंत्राविना, फेटलेली मलई व आटवलेले गोड दूध एकत्र करूनही मऊ आइस्क्रीम होते. येथे ढवळण्याचे काम आधीच भरलेली हवा व भरपूर साखर करतात.

साठवण : −१८° से.ला पृष्ठभागाला कागद चिकटवून ठेवतात. डबा वारंवार बाहेर काढल्यास लहान स्फटिक वितळून मोठ्यांवर पुन्हा गोठतात. दूध-भुकटी जास्त झाल्यास दुग्धशर्करेचे खडे धरून वाळूसारखी कचकच लागते, आणि ती पुन्हा ढवळून जात नाही.