ऱ्होडियमच्या भोवतीची कूस

१-ऑक्टीन या द्रवाच्या रेणूत आठ कार्बन अणूंची साखळी असते आणि दुहेरी बंध तिच्या अगदी टोकाला असतो. ऱ्होडियम या धातूच्या सान्निध्यात त्याची कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनशी अभिक्रिया घडवली की अल्डिहाइड, म्हणजे टोकाला ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन असलेले संयुग, तयार होते. कार्बन मोनॉक्साइडमधून आलेला हा नवा कार्बन टोकाच्या अणूला जोडला गेला तर साखळी सरळ लांबते, शेजारच्या अणूला जोडला गेला तर तिला फांदी फुटते. १९३८ साली ओटो रोएलेन यांनी जर्मनीत शोधलेली ही अभिक्रिया, हायड्रोफॉर्मिलेशन, आज रासायनिक उद्योगाचा मोठा आधार आहे; मात्र नेहमीच्या ऱ्होडियम उत्प्रेरकाचा कल सरळ साखळीकडे असतो.

हा कल बदलण्याचा रूढ मार्ग म्हणजे धातूला धरून ठेवणारा फॉस्फिनचा, म्हणजे फॉस्फरस केंद्रस्थानी असलेला, रेणू नव्याने घडवणे, आणि त्यात महिनोन्महिने जातात. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील योस्ट रीक, पीट फान लेउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली वेगळी वाट धरली. त्यांनी घेतलेल्या फॉस्फिनमध्ये फॉस्फरसला तीन पिरिडीन वलये जोडलेली होती आणि प्रत्येक वलयात एक नायट्रोजन होता. त्या द्रावणात त्यांनी जस्ताचे पोर्फिरिन मिसळले. पोर्फिरिन हे थाळीसारखे सपाट वलय असते. रक्तातल्या हीमची घडण याच कुळातली, फक्त तिथे मध्यभागी लोह असते. नायट्रोजनची ओढ जस्ताकडे, फॉस्फरसची ऱ्होडियमकडे. त्यामुळे नुसते मिसळताच तीन थाळ्या तीन नायट्रोजनांवर जाऊन बसल्या आणि फॉस्फरस व त्याला बिलगलेले ऱ्होडियम त्यांच्या कुशीत आले. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते, की ही कूस कोणी बांधत नाही, ती आपोआप जुळते. दुर्बळ, सुटू शकणाऱ्या बंधांनी रेणू एकत्र आणणारे सुप्रामोलेक्युलर रसायनशास्त्र इथे धातूच्या उत्प्रेरणाला येऊन मिळाले.

या दाटीत ऱ्होडियमला दुसरा फॉस्फिन धरायला जागाच उरत नाही, आणि एकाच फॉस्फिनचे ऱ्होडियम अधिक चपळ असते. २५ अंश सेल्सिअसला अभिक्रियेचा वेग सुमारे दहापट झाला आणि फांदी असलेले अल्डिहाइड ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचले. धातू तोच, फॉस्फिनही तेच. बदलला तो केवळ भोवताल. आपल्या शरीरातील विकरेही अशीच खोबणीत काम करतात.

जे बंध सहज जुळतात ते उष्णतेने सैलही होतात, आणि कारखान्यातले हायड्रोफॉर्मिलेशन बहुधा बऱ्याच अधिक तापमानाला चालते. ही अडचण खरी आहे. तरीही कुशीचे बळ किती असू शकते, हे २०१५ साली अमेरिकेतील बर्कलीत दिसले: गॅलियम या धातूच्या चार अणूंनी व सहा सेंद्रिय रेणूंनी जुळलेल्या पिंजऱ्यात सोन्याच्या संयुगातून कार्बन-कार्बन बंध जुळून बाहेर पडण्याची पायरी एक कोटीहून अधिक पटींनी वेगवान झाली.