अमेरिकन सोशलिस्ट पक्षाचा युद्धविरोध

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्या निर्णयाला जाहीर विरोध करण्यासाठी सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिका या छोट्या पक्षाने १९१७-१८ मध्ये चालवलेली चळवळ. सभा, मोर्चे, पत्रके, निवडणूक प्रचार आणि अखेर न्यायालयातले जबाब अशा अनेक वाटांनी ती चालली. त्या वेळी अमेरिकी काँग्रेसमध्ये पक्षाचा एकच सदस्य होता, न्यूयॉर्कच्या कामगारवस्तीतून निवडून आलेले वकील मेयर लंडन. युद्ध थांबवण्याची ताकद या पक्षाजवळ कधीच नव्हती. तरी सरकारने त्याच्या बोलण्याची मोठी धास्ती घेतली. अमेरिकेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या कायद्याचा अभ्यास आजही ज्या खटल्यांपासून सुरू होतो, त्यांतले काही याच पक्षाच्या माणसांवर चाललेले आहेत.

पक्षाची स्थापना १९०१ मध्ये इंडियानापोलिसला झाली. रेल्वे कामगारांचे पुढारी यूजीन डेब्ज, मिलवॉकीचे जर्मनभाषक कारागीर, न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांतले ज्यू मजूर आणि ओक्लाहोमातली कर्जात बुडालेली कुळे अशी ती मोट होती. १९१२ मध्ये डेब्ज यांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ९ लाखांवर, म्हणजे सुमारे ६ टक्के मते पडली. १९१६ मध्ये ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी आलेले पत्रकार अ‍ॅलन बेन्सन ६ लाखांच्या आतच राहिले. त्याच निवडणुकीत वुड्रो विल्सन यांच्या बाजूने ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ असा प्रचार झाला होता. निवडून आल्यावर पाच महिन्यांत, ६ एप्रिल १९१७ रोजी, त्यांच्याच सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. प्रतिनिधिगृहात ठरावाच्या बाजूने ३७३ आणि विरोधात ५० मते पडली. त्या ५० मध्ये मेयर लंडन होते.

दुसऱ्याच दिवशी सेंट लुईसच्या एका हॉटेलात पक्षाचे तातडीचे अधिवेशन भरले. सुमारे २०० प्रतिनिधी आले होते. युरोपात काय घडले ते सगळ्यांना ठाऊक होते. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीच्या बलाढ्य समाजवादी पक्षाने आपल्या सरकारला युद्धखर्च मंजूर करून दिला होता, आणि मग बहुतेक देशांतले समाजवादी आपापल्या झेंड्याखाली उभे राहिले होते. सेंट लुईसमध्ये मात्र मॉरिस हिलक्विट, चार्ल्स रुथेनबर्ग आणि अल्जर्नन ली यांनी लिहिलेला मसुदा १४० मतांनी मंजूर झाला. अमेरिकेची युद्धघोषणा हा अमेरिकी जनतेविरुद्ध आणि जगातल्या राष्ट्रांविरुद्ध गुन्हा आहे, असे त्यात म्हटले होते. विरोधाची रीतही सांगितली होती: निदर्शने, सामूहिक अर्ज आणि हाती असलेल्या इतर सर्व मार्गांनी ‘सतत, सक्रिय आणि उघड’ विरोध. यातला ‘उघड’ हा शब्द मोलाचा आहे. युद्ध लागल्यानंतर आणि भोवती देशभक्तीची लाट असताना, जे करायचे ते चारचौघांत करू असे या माणसांनी लिहून ठेवले. पुढे हाच कागद त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात आला.

ठरावाची पहिली किंमत घरातच मोजावी लागली. पक्षाला नाव मिळवून देणारे बरेच लेखक आणि पत्रकार बाहेर पडले. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर गेले, जॉन स्पार्गो गेले, आदल्या वर्षीचे उमेदवार बेन्सनही पुढे गेले. साध्या सभासदांनी मात्र सार्वमतात ठराव प्रचंड बहुमताने उचलून धरला.

रस्त्यावर पक्ष एकटा नव्हता. शांततावादी, काही धर्मोपदेशक, स्त्रीमताधिकाराच्या कार्यकर्त्या आणि शिवणकामगारांच्या संघटना यांच्याबरोबर त्याने ‘पीपल्स कौन्सिल’ उभी केली. सक्तीची सैन्यभरती नको, युद्धाचे हेतू जाहीर करा, लवकर तह करा, या तिच्या मागण्या होत्या. सप्टेंबर १९१७ मध्ये तिची परिषद मिनीयापोलिसला भरायची होती. तिथला महापौर सोशलिस्ट होता, पण मिनेसोटाच्या राज्यपालांनी राज्यभर बंदी घातली. मंडळी शिकागोला गेली, तर इलिनॉयच्या राज्यपालांनी सैनिक धाडले. त्याआधी, १ जुलै रोजी, बोस्टनमध्ये निघालेल्या सोशलिस्टांच्या मोर्चावर गणवेशातले सैनिक आणि खलाशी तुटून पडले होते. त्यांनी पक्षाचे कार्यालय फोडले आणि तिथली पुस्तके व कागद रस्त्यावर जाळले.

ओक्लाहोमाची कहाणी वेगळी आणि अधिक दुःखाची आहे. सोशलिस्टांचे हे सर्वांत भक्कम राज्य; १९१४ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत पाचातले एक मत त्यांना पडले होते. ऑगस्ट १९१७ मध्ये साउथ कॅनेडियन नदीच्या खोऱ्यातली कुळे सक्तीच्या भरतीविरुद्ध बंदुका घेऊन उठली. वॉशिंग्टनपर्यंत चालत जायचे, वाटेत शेतातली कोवळी कणसे भाजून खायची आणि युद्ध थांबवायचे, असा त्यांचा बेत होता. म्हणून या उठावाला ‘ग्रीन कॉर्न’ बंड म्हणतात. काही तारा तुटल्या, काही पूल जळाले, आणि थोड्याच दिवसांत सगळे संपले. शेकडो जणांना अटक झाली. उठाव दुसऱ्याच एका कूळ संघटनेचा होता, पक्षाने तो ठरवला नव्हता. तरी ठपका पक्षावर आला आणि राज्यशाखेने स्वतःला विसर्जित केले. ज्या शेतकऱ्याचा मुलगा आणि पीक दोन्ही एकाच हंगामात जाणार होते, त्याच्यापर्यंत सेंट लुईसच्या ठरावातला शांततेचा मार्ग पोहोचलाच नव्हता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१५ जून १९१७ रोजी हेरगिरी कायदा लागू झाला. नाव हेरगिरीचे असले तरी सैन्यभरतीत अडथळा आणणाऱ्याला २० वर्षांपर्यंत कैद देण्याची तरतूद त्यात होती, आणि टपालखात्याला ‘आक्षेपार्ह’ मजकूर अडवता येत होता. मे १९१८ च्या दुरुस्तीने सरकार, संविधान, झेंडा किंवा गणवेश यांच्याबद्दल अपशब्द काढणेही गुन्हा ठरला. पोस्टमास्टर जनरल अल्बर्ट बर्लसन यांनी सोशलिस्ट वर्तमानपत्रांची टपालसवलत काढून घेतली. लहान गावातल्या शाखेला पक्षाशी जोडणारा धागा म्हणजे टपालाने येणारा अंक. तो यायचा बंद झाला की शाखाही वाळून जाई. पक्षाचे फिलाडेल्फियातले चिटणीस चार्ल्स शेंक यांनी सैन्यभरतीची नोटीस आलेल्या तरुणांना पाठवण्यासाठी सुमारे १५,००० पत्रके छापून घेतली. पत्रकाच्या एका बाजूला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती उद्धृत केली होती. सक्तीची भरती हीदेखील गुलामीच आहे, असा त्यामागचा विचार. ‘थिएटरात आग लागल्याची खोटी ओरड’ हा, भाषणस्वातंत्र्याला मर्यादा असतात हे सांगण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी दिलेला आणि सतत उद्धृत होणारा दृष्टान्त याच पत्रकाच्या खटल्यातला आहे. शेंक यांनी कोणतीही खोटी ओरड केली नव्हती. त्यांनी घटनेचे कलम छापले होते आणि भरतीविरुद्ध आपले म्हणणे मांडा, असे लोकांना सांगितले होते.

या दडपणातही नोव्हेंबर १९१७ च्या नगर निवडणुकांत पक्षाची मते वाढली. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी युद्धविरोधाच्या मुद्द्यावर उभे राहिलेले हिलक्विट यांना १ लाख ४५ हजारांवर, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त मते मिळाली.

१६ जून १९१८ रोजी ओहायोतल्या कँटन गावी पक्षाचे राज्य अधिवेशन होते आणि दुपारी निमिसिला बागेत सहल-सभा. भाषणाला आलेले डेब्ज ६२ वर्षांचे होते, प्रकृतीने खचलेले. बागेसमोरच तुरुंग होता, आणि त्यात युद्धविरोधी भाषणांबद्दल शिक्षा भोगणारे ओहायोचे तीन सोशलिस्ट होते. रुथेनबर्ग त्यांतलेच एक. डेब्ज आधी त्यांना भेटले, मग रस्ता ओलांडून व्यासपीठावर आले. भाषणाच्या सुरुवातीलाच त्यांनी त्या इमारतीकडे बोट दाखवले आणि आपण नुकतेच तिथून आलो आहोत, असे सांगितले. गर्दीत सरकारी माणसे फिरत होती आणि तरुणांना अडवून भरतीचे कार्ड मागत होती. सरकारने नेमलेला लघुलेखक भाषण टिपून घेत होता. दोन तासांच्या भाषणात युद्धाबद्दल थेट बोललेला भाग थोडाच आहे. गाजले ते वाक्य असे: मालकवर्गाने नेहमीच युद्धे पुकारली आणि ताबेदार वर्गाने नेहमीच लढाया लढल्या. पुढे ते म्हणतात की प्राण देणाऱ्या या वर्गाला युद्ध किंवा तह ठरवताना कधी कुणी विचारलेच नाही.

दोन आठवड्यांनी क्लीव्हलंडमध्ये त्यांना अटक झाली. सप्टेंबरमधल्या खटल्यात त्यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही आणि भाषणातला एकही शब्द मागे घेतला नाही. ज्यूरीला ते म्हणाले, “युद्धात अडथळा आणल्याचा माझ्यावर आरोप आहे. तो मला मान्य आहे. सद्गृहस्थहो, मला युद्धाची घृणा वाटते. मी एकटा उरलो असतो तरी युद्धाला विरोध केला असता.” १४ सप्टेंबर रोजी १० वर्षांची शिक्षा झाली. अपिलात, १० मार्च १९१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. निकाल होम्स यांनीच लिहिला. त्यात सेंट लुईसच्या ठरावाचा उल्लेख आहे, आणि भाषणाच्या तासभर आधी डेब्ज यांनी त्या ठरावाला पसंती दर्शवल्याची साक्षही आहे. ठरावाने उघड विरोध करायला सांगितले होते आणि डेब्ज यांनी तो तसाच केला. न्यायालयात सिद्ध करण्यासारखे त्यापलीकडे फारसे काही नव्हते. निकाल लागला तेव्हा युद्ध थांबून चार महिने झाले होते.

एप्रिल १९१९ मध्ये ते तुरुंगात गेले आणि पुढे अटलांटाच्या तुरुंगात त्यांना ९६५३ हा क्रमांक मिळाला. १९२० मध्ये पक्षाने त्यांनाच अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ‘कैदी क्र. ९६५३’ असे लिहिलेले बिल्ले छातीला लावून कार्यकर्ते हिंडले, आणि उमेदवार कोठडीत असताना ९ लाखांवर मते पडली. विल्सन यांनी सुटकेची शिफारस फेटाळली होती. त्यांच्यानंतर आलेल्या वॉरन हार्डिंग यांनी शिक्षा कमी केली आणि २५ डिसेंबर १९२१ रोजी, नाताळाच्या दिवशी, डेब्ज बाहेर पडले. आतले कैदी मोठ्याने जयजयकार करत होते. डेब्ज फाटकाबाहेर थांबले, मागे वळले आणि त्यांनी टोपी उंचावली.

युद्धाला विरोध केल्यामुळे पक्ष संपला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो पटत नाही. मते सर्वाधिक वाढली ती विरोध ऐन भरात असताना. पक्ष मोडला तो बंद पडलेल्या टपालामुळे, तुरुंगवासामुळे आणि १९१९ मध्ये रशियन क्रांतीवरून झालेल्या फुटीमुळे. त्या फुटीत रुथेनबर्ग कम्युनिस्टांकडे गेले. मतदार किती ठाम होते ते मिलवॉकीत दिसते. तिथून पक्षाचे व्हिक्टर बर्जर नोव्हेंबर १९१८ मध्ये काँग्रेसवर निवडून आले, पण हेरगिरी कायद्याखाली त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली आणि प्रतिनिधिगृहाने जागा नाकारली. डिसेंबर १९१९ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा पाठवले. प्रतिनिधिगृहाने पुन्हा नाकारले. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्यावर १९२२ मध्ये ते निवडून आले आणि या वेळी सभागृहात बसले.

हेरगिरी कायद्याची १९१८ ची दुरुस्ती युद्धानंतर रद्द झाली. १९१७ चा मूळ कायदा अजून लागू आहे. १९६९ मध्ये ओहायोतल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेंक प्रकरणातली, बोलण्यातून ‘स्पष्ट आणि तत्काळ धोका’ दिसला तर शिक्षा करू देणारी कसोटी मागे टाकून बरीच उदार कसोटी घालून दिली. डेब्ज यांच्याविरुद्धचा निकाल मात्र नाव घेऊन कधीच फिरवला गेलेला नाही.