मेडिकल आयसोटोप : बनवणं आणि मोजणं (सोलापूरच्या अंतराने)

दवाखान्यात स्कॅनला किंवा उपचाराला जे किरणोत्सारी पदार्थ वापरतात ते म्हणजे मेडिकल आयसोटोप. गोळ्यांसारखे हे कपाटात भरून ठेवता येत नाहीत, बनल्या क्षणापासून ते संपायला लागतात, त्यामुळे सोलापूरला बसून विचार केला तर पहिला प्रश्न येतो तो रस्त्याचा.

बनवायच्या वाटा दोन. एक अणुभट्टी, म्हणजे मुंबईतल्या तुर्भ्याची (ट्रॉम्बे) ध्रुव (१९८५), तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्याने आयोडिन-१३१, मॉलिब्डेनम-९९ असले आयसोटोप होतात. दुसरा सायक्लोट्रॉन, म्हणजे प्रोटॉनसारखे कण गोल फिरवून प्रचंड वेग देणारं यंत्र, त्यात ऑक्सिजन-१८ वाल्या पाण्यावर प्रोटॉन आदळवून पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ काढतात, मुंबईत परळला हे २००२ पासून चालू आहे. पण फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबई ते सोलापूर ४०० किमी, ८ तास धरा, म्हणजे निघताना २० भाग असेल तर पोचताना जेमतेम १ भाग, आणि ड्रायव्हर भिगवणला मासे खायला थांबला तर विषयच संपला. आयोडिनचं तसं नाही, ८ दिवसांत निम्मं, एक दिवस प्रवासात गेला तरी ८ टक्केच जातं.

खरी गंमत टेक्नेशियम-९९एमची. हे ६ तासांत निम्मं होतं, तरी सगळ्यात जास्त वापर याचाच, कारण टेक्नेशियम पाठवतच नाहीत, त्याची आई म्हणजे मॉलिब्डेनम पाठवतात, ज्याच्या विघटनातून टेक्नेशियम होत राहतं आणि ज्याला निम्मं व्हायला ६६ तास लागतात. शिशाच्या डब्यात अ‍ॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) पुडीने भरलेल्या नळीत ते चिकटलेलं असतं, वरून सलाईन सोडलं की फक्त टेक्नेशियम खाली येतं. या डब्याचं नाव जनरेटर, जगभर त्याला गाय म्हणतात, आपण पंढरपुरी म्हैस म्हणू, सकाळी धार काढली की दुसऱ्या सकाळी परत भरलेली, फक्त रोज थोडी आटत जाते आणि आठवड्याभरात बदलावी लागते.

मोजायला डोस कॅलिब्रेटर, विहिरीसारखं भोक असलेलं गॅसचं भांडं. किरणांमुळे गॅसमधून करंट वाहतो, तो मोजून आकडा दिसतो, मिलिक्युरीत (१ मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३.७ कोटी विघटनं). आत काय ठेवलंय हे मशीनला कळत नाही, आयसोटोपचं बटण चुकीचं दाबलं तर चुकीचा आकडाही ते ठामपणे दाखवतं. मशीन स्वतः ठीक आहे ना हे रोज सकाळी सिझियम-१३७ ठेवून तपासतात, त्याला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, त्यामुळे कालचा आणि आजचा आकडा जुळायलाच हवा. आकड्याशेजारी वेळ लिहिलीच पाहिजे, सकाळी ९ चे १० मिलिक्युरी टेक्नेशियम दुपारी ३ ला ५ असतात. शिवाय धारेत मॉलिब्डेनम उतरलंय का तेही बघतात, बाटली जाड शिशाच्या भांड्यात ठेवून, टेक्नेशियमचे मऊ (कमी ताकदीचे) किरण शिशात अडकतात, मॉलिब्डेनमचे बाहेर येतात आणि पकडले जातात.